एकच ॲप की दोन? आधी फोटो कुठे अडकतो ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही तिघे आहात, दोघांना रिॲक्ट (जावास्क्रिप्ट भाषेत स्क्रीन बनवण्याचं साधन) चांगलं येतं, एकाला कोटलिन (अँड्रॉइड ॲपची भाषा). यंत्रांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी ॲप करायचं आहे. तंत्रज्ञ जागेवर जाणार, तपासणीचा फॉर्म भरणार, दहा-पंधरा फोटो काढणार, ग्राहकाची सही घेणार. तळघरात किंवा लिफ्टच्या खोलीत रेंज नसते, तेव्हाही हे सगळं चाललं पाहिजे आणि रेंज आली की आपोआप सर्व्हरवर गेलं पाहिजे. हातात पाच महिने आहेत. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींसाठी एकच ॲप लिहावं की वेगवेगळी दोन, ‘एकच लिहिलं की खर्च निम्मा’ हे कितपत खरं, आणि एकच लिहिलं तर कोटलिनवाल्या मित्राला काय काम उरेल, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी देते, कारणं मागाहून. तुमच्या जागी मी असते तर रिॲक्ट नेटिव्हमध्ये, म्हणजे रिॲक्टच्या पद्धतीने दोन्ही फोनांची ॲप लिहिण्याच्या साधनात, एकच ॲप लिहिलं असतं. मात्र फोटो वर पाठवण्याचा भाग दोन्ही फोनांसाठी वेगळा, त्या त्या फोनच्या भाषेत लिहिला असता. आणि हा निर्णय पक्का करण्याआधी दोन आठवडे फक्त तेवढाच भाग करून बघितला असता. खर्च निम्मा होत नाही. वाचतं ते दुसरंच काहीतरी, आणि माझ्या मते ते पैशांपेक्षा मोलाचं आहे.

मी पंधराएक वर्षं मोबाइल ॲपचंच काम करते आहे. वेबपानं ॲपच्या खोक्यात बसवण्यापासून स्विफ्ट (आयफोन ॲपची भाषा) आणि कोटलिनमध्ये दोन स्वतंत्र ॲप सांभाळण्यापर्यंत आणि एकाच कोडमधून दोन्हीकडे जाण्यापर्यंत सगळे प्रकार केलेत. तिन्हींमध्ये चांगली ॲपही झाली आणि पस्तावाही झाला. म्हणून ‘अमुकच बरोबर’ असं ठासून सांगणाऱ्यांपैकी मी नाही. तुमची माणसं, तुमचे फोन आणि तुमच्या ॲपमधली सगळ्यात अवघड गोष्ट, या तिन्हींवर उत्तर ठरतं.

त्यामुळे आधी मीच तुम्हाला उलट विचारते: तंत्रज्ञांच्या खिशात नेमके कोणते फोन आहेत, हे कुणी मोजलंय का? कंपनी फोन देणार असेल आणि ते सगळे अँड्रॉइड असतील, तर तुमचा प्रश्न इथेच मिटतो. कोटलिनमध्ये एक ॲप करा आणि मोकळे व्हा. फोन ज्याचा त्याचा असेल तर यादी मागवा. नुसतं मॉडेल नको, सिस्टीमची आवृत्तीही हवी. एका कामात आम्ही तीन महिने आयफोनचं ॲप बनवण्यात घालवले. नंतर लक्षात आलं की जागेवर काम करणारे सगळे अँड्रॉइड वापरत होते, आयफोन होते ते त्यांच्या वरिष्ठांकडे, आणि त्यांना फक्त अहवाल बघायचे होते. त्यांचं काम एका वेबपानाने भागलं असतं. ही चौकशी एका दिवसाची होती आणि आम्ही ती केली नव्हती.

यादीत दोन्ही प्रकारचे फोन निघाले असं धरून पुढे जाऊ.

ॲपचं काम म्हणजे स्क्रीन लिहिणं, एवढंच धरलं तर निम्म्याचा हिशोब जुळतो. पण सर्व्हर तसाही एकच असतो. डिझाइन एकदाच होतं. फॉर्ममध्ये कोणता रकाना सक्तीचा, सही झाल्यावर दुरुस्ती चालेल का, दोन तंत्रज्ञांनी एकच नोंद बदलली तर कुणाची खरी, हे ठरवायला जो वेळ जातो तो कोडच्या संख्येवर अवलंबून नसतो. उलट, कोड एक असला तरी टेस्टिंग दोन्हीकडे करावंच लागतं. दोन स्टोअर, दोन प्रकारच्या परवानग्या, दोन प्रकारची नोटिफिकेशन, दोन वेळा स्क्रीनशॉट. ॲपलचं डेव्हलपर खातं वर्षाला ९९ डॉलर, गुगल प्लेचं एकदाच २५ डॉलर. आयफोनचा बिल्ड (कोडमधून फोनवर चालणारं ॲप तयार करणं) करायला मॅक लागतोच, स्वतःचा घ्या नाहीतर भाड्याचा. गुगल प्लेवर वैयक्तिक खातं १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं असेल तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. पहिल्यांदा करणारे हे चौदा दिवस वेळापत्रकात धरत नाहीत आणि शेवटच्या महिन्यात धावपळ होते. स्टोअरवर टाकून काम संपत नाही हेही लक्षात घ्या. गुगल दरवर्षी किमान सिस्टीम-पातळी वर सरकवतं, ॲपल नव्या एक्सकोडने (ॲपलचं ॲप बनवण्याचं साधन) केलेला बिल्ड मागतं. काहीही नवीन न करता ॲप नुसतं जिवंत ठेवायलाही दरवर्षी काम निघतं, आणि ते दोन्ही बाजूंना निघतं.

मग एक कोड असल्याने वाचतं काय? एक नियम एकाच जागी राहतो. ही गोष्ट किती मोठी आहे ते मला दोन वेगळ्या ॲपनी शिकवलं.

बिलाची रक्कम दाखवणारं एक ॲप होतं, अँड्रॉइडसाठी कोटलिनमध्ये आणि आयफोनसाठी स्विफ्टमध्ये. दोन चांगले लोक, एकच लेखी नियम: ‘रक्कम जवळच्या पूर्णांकात करावी.’ काही महिन्यांनी तक्रार आली की एकच बिल दोन फोनांवर एका रुपयाने वेगळं दिसतं. आम्ही दहा बिलं तपासली, सगळी जुळली. पुन्हा तक्रार, पुन्हा तपासणी. शेवटी कारण सापडलं. बरोबर अर्धा उरला तर कोटलिनचं नेहमीचं round जवळच्या सम संख्येकडे जातं आणि स्विफ्टचं rounded शून्यापासून लांब जातं. म्हणजे २.५ चे कोटलिनमध्ये २ होतात आणि स्विफ्टमध्ये ३. पण ३.५ चे दोन्हीकडे ४च होतात. त्यामुळे फरक क्वचित दिसायचा आणि दिसला तरी पुन्हा दाखवता यायचा नाही. दोघांपैकी कुणीही चुकलं नव्हतं. एकच वाक्य दोन माणसांनी वाचलं आणि दोन भाषांच्या सवयीप्रमाणे लिहिलं, एवढंच. पुढे आम्ही तो हिशोब सर्व्हरवर हलवला.

हे उदाहरण लहान आहे, पण दोन ॲप वर्षानुवर्षं चालली की असे शंभर फरक साचतात. एका बाजूचा माणूस महिनाभर रजेवर गेला की एक ॲप मागे पडतं. मग एकाच ऑफिसात ‘त्यांच्या फोनवर ते बटण आहे, आमच्याकडे कधी येणार’ सुरू होतं. तुम्ही तिघेच आहात. दोन ॲप केलीत तर एकेक बाजू एकेका माणसाच्या भरवशावर उभी राहील, आणि स्विफ्ट तर तुमच्यापैकी कुणालाच येत नाही.

आता दुसरी बाजू. ती मी तितक्याच पोटतिडकीने सांगणार आहे, कारण ‘एकदा लिहा, सगळीकडे चालवा’ ऐकून लोक फोनचा अभ्यास करायचंच सोडतात.

एकाच कोडमधून केलेल्या एका ॲपमध्ये आम्ही फोटो फोनवर साठवत होतो आणि फोटोचा पूर्ण पत्ता, म्हणजे अगदी मुळापासूनचा फोल्डरचा मार्ग, ॲपच्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवत होतो. अँड्रॉइडवर सगळं व्यवस्थित. आयफोनवरही पहिल्या आवृत्तीत व्यवस्थित. मग आम्ही पहिलं अपडेट सोडलं आणि आयफोनवाल्यांचे अजून वर न गेलेले सगळे फोटो एका रात्रीत कोरे दिसायला लागले. लोकांचं दिवसभराचं काम होतं ते. आयफोन प्रत्येक ॲपला स्वतःचं एक फोल्डर देतो, त्या मार्गात एक लांबलचक खूण असते, आणि ॲप अपडेट झालं की ती खूण बदलू शकते. सिस्टीम फाइल नव्या जागी नेते, पण आपण लिहून ठेवलेला जुना पत्ता तसाच राहतो. फोटो हरवले नव्हते, आम्ही जुन्या घरी शोधत होतो. उपाय चार ओळींचा निघाला: डेटाबेसमध्ये फक्त फाइलचं नाव ठेवायचं आणि फोल्डर कुठे आहे ते ॲप उघडताना दर वेळी सिस्टीमला विचारायचं. पण त्या चार ओळी कुठे लागतात हे कळायला आयफोन माहीत असणारं माणूस हवं होतं आणि आमच्या संघात तेव्हा ते नव्हतं. कोड एक झाला तरी त्याच्याखालचे फोन दोनच राहतात.

प्लगइनचंही असंच. कॅमेरा, सही, स्कॅनर यांसाठी कुणीतरी लिहिलेलं तयार प्लगइन आपण घेतो. ते कुणाच्या तरी फावल्या वेळेवर चाललेलं असतं. अँड्रॉइड १५ आणि त्यापुढच्या सिस्टीमला लक्ष्य करणाऱ्या ॲपना गुगलने १ नोव्हेंबर २०२५ पासून १६ केबी आकाराच्या मेमरी-पानांना (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांना) आधार देणं बंधनकारक केलं. ज्या प्लगइनमध्ये आत सी++ ची तयार लायब्ररी होती आणि लेखक गायब होता, तिथे आम्हाला ती स्वतः नव्याने बांधावी लागली. म्हणून प्लगइन घेताना मी आधी बघते की शेवटचा बदल कधी झाला, किती तक्रारी उत्तराविना पडून आहेत, आणि वेळ आली तर आतला कोड आपल्याला दुरुस्त करता येईल का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते घेऊ नका.

मोठ्या कंपन्यांच्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील आणि गोंधळला असाल, कारण त्या एकमेकींच्या उलट आहेत. फेसबुकच्या मार्क झुकरबर्ग यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितलं की एचटीएमएल५ वर (म्हणजे वेबपानांच्या तंत्रावर) फार भिस्त ठेवणं ही कंपनीची मोठी चूक झाली. त्याच फेसबुकने २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सगळ्यांसाठी खुलं केलं. एअरबीएनबीने २०१८ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सोडत असल्याचं सांगितलं, तर शॉपिफायने २०२० मध्ये आपली मोबाइल ॲप त्यातच करणार असं जाहीर केलं. ड्रॉपबॉक्सने काही वर्षं दोन्ही ॲपमधला गाभा सी++ मध्ये एकत्र ठेवला होता. २०१९ मध्ये त्यांनी लिहिलं की स्वतःची साधनं घडवणं आणि तसे लोक मिळवणं हाच खर्च मोठा झाला, म्हणून ते वेगवेगळ्या कोडकडे परतले. या गोष्टी नीट वाचल्या तर भांडण तंत्रज्ञानाचं कमी आणि परिस्थितीचं जास्त दिसतं. एअरबीएनबीकडे आधीच दोन मोठी नेटिव्ह ॲप, म्हणजे त्या त्या फोनच्या भाषेत लिहिलेली, होती. त्यांत तिसरी गोष्ट मिसळली आणि दोनऐवजी तीन जगं सांभाळायची वेळ आली. तुमच्याकडे पाटी कोरी आहे, त्यामुळे त्यांचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नका.

साधनांबद्दल पटकन सांगते, कारण यावर लोक नको तितका वेळ घालवतात. नुसतं वेब-ॲप तुमच्या कामाला पुरणार नाही. आयफोनवर होम स्क्रीनवर ठेवलेल्या वेब-ॲपला सिस्टीमच्या आवृत्ती १६.४ पासून नोटिफिकेशन येतात हे खरं, पण ॲप बंद असताना रेंज आल्यावर मागच्या मागे फाइल पाठवण्याची सोय आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये नाही. एकाच कोडमधून दोन्हीकडे जाण्याचं दुसरं साधन म्हणजे गुगलचं फ्लटर, ते उत्तम आहे. ते स्क्रीनवरचं सगळं स्वतः रंगवतं, म्हणून दोन्ही फोनांवर हुबेहूब एक दिसतं. पण फोनचं रूप बदललं, जसं आयफोनच्या सिस्टीमच्या आवृत्ती २६ मध्ये बदललं, की ते आपोआप अंगावर येत नाही, आणि तुम्हाला त्याची डार्ट ही भाषा शिकावी लागेल. रिॲक्ट नेटिव्ह फोनचेच घटक वापरतो. त्याच्या मंदपणाबद्दलचे बरेच लेख जुन्या रचनेबद्दलचे आहेत. जावास्क्रिप्ट आणि फोन यांच्यात प्रत्येक गोष्ट चिठ्ठीसारखी लिहून पाठवायची ती रचना मागे पडली, आणि ऑक्टोबर २०२४ च्या ०.७६ आवृत्तीपासून नवी रचना हीच मूळ निवड आहे. कोटलिनचाच कोड दोन्ही फोनांवर वापरू देणारं कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म नोव्हेंबर २०२३ पासून स्थिर मानलं जातं. त्यात नियम आणि डेटाबेस एकत्र, स्क्रीन हवी तर वेगळी, असं करता येतं. तुमच्यात दोघे कोटलिनवाले आणि एक स्विफ्टवाला असता तर मी डोळे मिटून तेच सुचवलं असतं. पण दोघांना रिॲक्ट येतं, पाच महिने आहेत, आणि माणसांच्या हाताला जे बसलंय त्याला मी नेहमी जास्त वजन देते.

एक सावधगिरी मात्र ठेवा. कुठलंही साधन कायमचं नसतं. झामरिन या मायक्रोसॉफ्टच्या अशाच साधनावर ॲप उभारलेल्यांना १ मे २०२४ ला त्याचा आधार संपल्यावर घर हलवावं लागलं. ज्यांनी नियम स्क्रीनपासून वेगळे ठेवले होते त्यांचं हलवणं सोपं गेलं. फॉर्मची तपासणी, हिशोब, नोंदीची अवस्था हे सगळं साध्या फाइलमध्ये ठेवा, ज्यांना रिॲक्टचं नावही माहीत नाही.

वेगाची भीती तुमच्या ॲपला फारशी नाही. फॉर्म भरणं हे जड काम नव्हे. जड आहेत ते फोटो, आणि तिथे भाषा कुठलीही असली तरी गणित तेच राहतं. १२ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर काही एमबीचा असतो, पण स्क्रीनवर दाखवायला उलगडला की ४००० गुणिले ३००० ठिपके, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे जवळजवळ ४८ एमबी मेमरी खातो. पंधरा फोटोंची यादी मूळ आकारात दाखवलीत तर ७२० एमबी. कमी मेमरीचा फोन ॲपला सरळ बंद करतो आणि तंत्रज्ञ म्हणतो ‘ॲप उडालं’. फोटो काढल्या क्षणी त्याची छोटी प्रत करा आणि यादीत तीच दाखवा.

आता तुमच्या ॲपचा खरा अवघड भाग. इथेच एक की दोन याचं उत्तर दडलंय, म्हणून जरा सावकाश जाऊ.

तंत्रज्ञाने तळघरात शेवटचा फोटो काढला, ‘पूर्ण’ दाबलं, फोन लॉक करून खिशात टाकला, जिना चढून बाहेर आला. आता रेंज आहे, पण ॲप स्क्रीनवर नाही. अशा वेळी आयफोन ॲपला काही सेकंदांत गोठवतो. तुमचं जावास्क्रिप्ट थांबलेलं असतं, टायमर थांबलेले असतात, त्याला रेंज आल्याचा पत्ताही लागत नाही. आयफोनची पद्धत अशी की फाइल सिस्टीमच्या हवाली करायची. सर्व्हरशी बोलण्याच्या सिस्टीमच्या सोयीचा, यूआरएल-सेशनचा, पार्श्वभूमीचा प्रकार असतो, त्याला फाइल दिली की ॲप गोठलं किंवा सिस्टीमने मेमरीसाठी बंद केलं तरी पाठवणं सिस्टीम करते. दोन अटी आहेत. पाठवायची गोष्ट मेमरीत नको, डिस्कवर फाइल म्हणून हवी. आणि वापरणाऱ्याने ॲप स्वतः वर सरकवून काढून टाकलं तर सिस्टीम ते सगळं पाठवणं रद्द करते. फोन ‘स्वच्छ’ ठेवायची अशी सवय पुष्कळांना असते, म्हणून ॲप पुन्हा उघडल्यावर रांग तपासून उरलेले फोटो नव्याने हवाली करावे लागतात.

अँड्रॉइडची पद्धत निराळी. तिथे वर्क-मॅनेजर या पार्श्वभूमीची कामं लावण्याच्या सोयीला सांगायचं, ‘नेटवर्क असेल तेव्हा हे काम कर.’ काम सिस्टीमकडे नोंदलं जातं, फोन बंद करून चालू केला तरी टिकतं. पण आवृत्ती ६ पासून अँड्रॉइड पडून असलेल्या फोनला डोझ, म्हणजे बॅटरी वाचवणारी डुलकी, लावतं आणि कामं पुढे ढकलतं. त्यावर काही फोन बनवणाऱ्यांची बॅटरी वाचवण्याची स्वतःची कडक व्यवस्था असते. एकाच कोडवर एका फोनमधून दोन मिनिटांत फोटो जातात आणि दुसऱ्यातून ॲप उघडेपर्यंत जात नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बघा, एका बाजूला सगळ्या फाइल आधीच सोपवून द्यायच्या, दुसऱ्या बाजूला रांगेतून एकेक उचलणारं काम लावायचं. या दोन्हींवर एकच जावास्क्रिप्टचं पांघरूण घातलं तर ते कुठेतरी उघडं पडणारच. म्हणून मी म्हणते की हा भाग वेगळा लिहा. जावास्क्रिप्टला फक्त तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: हा फोटो रांगेत टाक, रांगेत किती उरले ते सांग, एखादा अडकला तर का ते सांग. त्यामागचं दोन्हीकडे वेगळं आणि तिथल्या रीतीप्रमाणे.

याला जोडून सर्व्हरच्या दोन गोष्टी. प्रत्येक फोटोला आणि नोंदीला फोनवरच कायमचा ओळख-क्रमांक द्या. अर्ध्यात तुटलेला फोटो पुन्हा गेला तर सर्व्हरला कळलं पाहिजे की हा तोच आहे, नाहीतर एका भेटीत एकच फोटो तीनदा दिसेल. दुसरं, लॉगिनची मुदत. ॲप खिशात आहे, फोटो जायला निघाला, आणि तासाभरात संपणारी लॉगिनची चावी शिळी झालेली आहे. सर्व्हर नकार देतो आणि पुन्हा लॉगिन करायला कुणी समोर नाही. फोटोपुरता, एकाच जागी पाठवता येईल असा, जास्त मुदतीचा वेगळा परवाना द्या.

शिवाय स्क्रीनवर साध्या शब्दांत दाखवा: ‘१५ पैकी ११ पोचले.’ एकदा फोटो हरवल्याचा अनुभव आला की माणूस ॲपवर विश्वास ठेवत नाही. तो फोटो स्वतःच्या गॅलरीत ठेवतो, मेसेजने पाठवतो, आणि तुमचं ॲप नावापुरतं उरतं.

माझं मत उलटं कधी झालं असतं? यंत्राशी ब्लूटूथने सतत बोलायचं असतं, कॅमेऱ्यातून येणाऱ्या चित्रावर चालू-चालू प्रक्रिया करायची असती, घड्याळावर आणि विजेटवर ॲपचा निम्मा जीव असता, तर मी दोन ॲप म्हटलं असतं. तिथे जवळजवळ प्रत्येक स्क्रीनला फोनच्या पोटात हात घालावा लागतो आणि मधला थर फक्त आड येतो. तुमच्या ॲपमध्ये अशी जागा एकच आहे.

आता ते दोन आठवडे. एकही सुंदर स्क्रीन करू नका. एक बटण, ते दाबलं की पंधरा फोटो रांगेत. फोन विमान-मोडवर, ॲप मागे, फोन लॉक, तासभर खिशात. मग नेट चालू करा आणि फोनला हात न लावता सर्व्हरवर किती पोचतात ते मोजा. हेच ॲप वर सरकवून काढल्यावर, फोन बंद-चालू केल्यावर, बॅटरी-सेव्हर लावून, आणि ॲपची नवी आवृत्ती टाकल्यावर पुन्हा करा. शेवटच्याने मी सांगितलेली कोऱ्या फोटोंची चूक लगेच पकडली जाईल. यादीतला सगळ्यात जुना अँड्रॉइड आणि सगळ्यात जुना आयफोन घ्या. बिल्ड रिलीजचा (लोकांना द्यायचा) हवा, डीबगचा (चुका शोधण्यासाठीचा) नको. दोन्हींत वागणं वेगळं असतं. वाटेत एकदा फोनचा फॉन्ट सगळ्यात मोठा करून मराठी मजकूर बघा. ओळीची उंची आकड्यात बांधलेली असेल तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात, आणि इंग्रजी मजकुरावर टेस्टिंग केलं तर ते दिसत नाही.

या चाचणीत पंधरापैकी पंधरा आले, किंवा निदान ॲप पुन्हा उघडताच उरलेले आपसूक गेले, तर रिॲक्ट नेटिव्ह घ्या आणि बाकीचे स्क्रीन निर्धास्त लिहा. नाही आले, तर अडचण दुसऱ्या आठवड्यात कळली, चौथ्या महिन्यात नाही.

पहिल्याच आवृत्तीत आणखी एक गोष्ट घाला. ॲप उघडताना सर्व्हरला विचारू दे की माझी आवृत्ती अजून चालते का. चालत नसेल तर अपडेट करायला सांगा, पण न गेलेले फोटो आधी जाऊ द्या. लोक महिनोन् महिने अपडेट करत नाहीत, आणि ही सोय पहिल्या आवृत्तीत नसेल तर ती आवृत्ती ज्यांच्या फोनवर आहे त्यांना तुम्ही नंतर काही सांगूच शकत नाही.

राहिला कोटलिनवाला मित्र. मला विचाराल तर तुमच्या ॲपचा कणा त्याच्याच हातात आहे. वर्क-मॅनेजरचा भाग त्याला लगेच जमेल. स्विफ्ट त्याला परकी वाटणार नाही, कारण या दोन भाषांची वळणं बरीच सारखी आहेत, आणि आयफोनच्या बाजूला लिहायचं आहे ते काही शे ओळींचंच. त्याला वेळ लागेल तो भाषेला नव्हे, आयफोनच्या रीती समजायला. म्हणून पहिल्या आठवड्यातच त्याला एक मॅक आणि एक जुना आयफोन मिळवून द्या, आणि दोघे रिॲक्टवाले फॉर्मवर बसतील तेव्हा त्याला फक्त त्या पंधरा फोटोंच्या मागे लागू द्या.